मागून आणलेली कुऱ्हाड



गेल्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर आपल्या धर्मग्रामातील एक आजी न्हाणीघरात घसरून पडल्या. खुब्याचे हाड मोडले, शस्त्रक्रिया झाली. इस्पितळातून घरी सोडताना डॉक्टरांनी सांगितले की दीड-दोन महिने चाकाची खुर्ची लागेल. सुनेने आपल्या विभागाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर विचारले, ‘कुणाकडे व्हीलचेअर आहे का?’ पाच मिनिटांत अकरा उत्तरे आली. त्यातील सात उत्तरे म्हणजे नुसते जोडलेले हात होते. उरलेल्या चौघांनी मात्र कळवले की आपल्या ग्रुपची खुर्ची आहे ना, तीच घ्या. दोन वर्षांपूर्वी एका ताईंनी आपली आई देवाघरी गेल्यावर तिची खुर्ची ग्रुपला देऊन टाकली होती. हे सर्वांना आठवत होते. ती आता कुणाच्या घरी आहे, हे मात्र कुणालाच सांगता येईना.

शोध सुरू झाला. खुर्ची चार घरे फिरली होती. पहिले घर अंबरनाथला, दुसरे बदलापूरला कात्रपमध्ये, आणि पुढचा माग ग्रुपवरच्या वाढदिवसांच्या शुभेच्छांमध्ये आणि सुप्रभाताच्या फुलांमध्ये हरवून गेला. चौथ्या दिवशी ती कॅम्प नंबर चारमधील एका इमारतीच्या जिन्याखाली सापडली. पुढचे एक चाक निखळलेले, बैठकीचे कापड उंदरांनी कुरतडलेले. तोवर आजींना प्लॅस्टिकच्या साध्या खुर्चीत बसवून चौघांनी तीन मजले वर नेले होते, आणि टाके काढायला जाताना पुन्हा तसेच खाली आणले होते. ज्यांच्या जिन्याखाली खुर्ची होती त्यांना बोल लावावा, तर त्यांनीही आठ महिन्यांपूर्वी ‘आमचे काम झाले, कुणाला हवी असल्यास घेऊन जावी’ असे रीतसर लिहिलेले होते. कुणी गेले नव्हते.

रविवारी मिस्सानंतर त्या खुर्ची देणाऱ्या ताई आम्हाला भेटल्या. ‘फादर, भंगारवाल्याला दिली असती तरी एवढं वाईट वाटलं नसतं,’ एवढेच म्हणाल्या आणि निघून गेल्या.

त्यानंतर दोन-तीन विभागांच्या बैठकींत सूर निघाला की हा वस्तू देण्याघेण्याचा प्रकार बंदच करावा, त्यातून मने दुखावतात. आमचे मत तसे नाही. पण कुठे चुकले हे मात्र नीट पाहिले पाहिजे, म्हणून आजचा पाठ या विषयावर.

ग्रुपला दिले म्हणजे कुणाला दिले?

ताईंनी खुर्ची कुणा एका माणसाच्या हाती दिली नाही, ग्रुपला दिली. आमच्या मते सारे दुखणे या एका शब्दात आहे. ग्रुपला घर नसते, कोठीची खोली नसते, वंगणाची बाटली नसते आणि लाजही नसते. लाज वाटायला एक माणूस लागतो.

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना आम्हाला प्लेटो आणि अॅरिस्टॉटल या गुरुशिष्यांचा एक जुना वाद शिकवला होता. तेव्हा तो केवळ परीक्षेपुरता वाटला. प्लेटोने आपल्या आदर्श नगरीत रक्षकवर्गाने काहीच स्वतःचे ठेवू नये, सारे सामाईक असावे, अशी कल्पना मांडली. त्याच्या शिष्याला ती पटली नाही. अॅरिस्टॉटलचे म्हणणे असे, की जी वस्तू पुष्कळांची असते तिची निगा सर्वांत कमी राखली जाते, कारण प्रत्येकाला वाटते की दुसरा कुणी तरी बघत असेल. ज्या घरात नोकर फार, तिथे कधीकधी थोड्या नोकरांच्या घराहूनही काम कमी होते, असा घरगुती दाखलाही त्याने दिला आहे. पण म्हणून त्याने ‘ज्याचे त्याने कुलपात ठेवावे’ असेही म्हटले नाही. मालकी एकेकाची असावी आणि वापर मित्रांमध्ये सामाईक असावा, असा त्याचा निवाडा. स्पार्टाचे लोक एकमेकांचे घोडे आणि कुत्रे आपलेच असल्यासारखे वापरतात आणि प्रवासात शिधा लागला तर वाटेवरच्या शेतातून घेतात, याचे त्याला कौतुक होते.

पुढे तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस यांनी हाच धागा उचलला. वस्तू मिळवणे, सांभाळणे आणि तिचा व्यवहार पाहणे यासाठी ती कुणा एकाची असणे रास्त आहे, कारण त्यामुळे निगा राहते आणि भांडणे टळतात. पण वापराच्या बाबतीत माणसाने ती फक्त आपली मानू नये, दुसऱ्याच्या गरजेला ती सहज पुढे करावी, असे ते शिकवतात. आमच्या खुर्चीच्या बाबतीत आपण नेमके अर्धे केले. वापर सामाईक केला, हे उत्तम झाले. पण त्याबरोबर सांभाळणाराही सामाईक करून टाकला.

यावर काहीजण म्हणतील, ‘फादर, प्रेषितांच्या काळी तर सर्व काही सामाईक होते ना?’ होते. प्रेषितांच्या कृत्यांच्या चौथ्या अध्यायात तसे वर्णन आहे. पण तिथेच न थांबता सहाव्या अध्यायापर्यंत वाचावे. रोजच्या वाटपात ग्रीक बोलणाऱ्या विधवांकडे दुर्लक्ष होते अशी कुरकूर सुरू झाली. तेव्हा प्रेषितांनी काय केले? वाटप बंद केले नाही आणि सर्वांना ‘अधिक प्रेमाने वागा’ एवढा उपदेश करूनही थांबले नाहीत. त्यांनी सात माणसे नेमली. स्तेफन, फिलिप आणि इतर पाच, सातही नावे पवित्र शास्त्रात नोंदलेली आहेत. आद्य ख्रिस्तसभेत पवित्र आत्म्याचा एवढा वर्षाव होऊनही सामाईक वस्तूंवर लक्ष ठेवायला नावानिशी माणसे लागली. आपल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपला लागणार नाहीत काय?

भांड्यावरचे नाव

आपल्या आयांना हे अॅरिस्टॉटल न वाचता ठाऊक होते. स्टीलचे पातेले घेतले की दुकानातच त्यावर नाव घालून घ्यायचे, नवऱ्याचे वा स्वतःचे, कधी तारखेसह. हे नाव मिरवण्यासाठी कमी आणि भांडे शेजारी जाऊन परत यावे यासाठी जास्त. ज्या घरातून भांडे कधी बाहेरच जात नाही त्या घराला भांड्यावर नाव घालण्याची गरज काय? आणि परत देताना रिकामे भांडे देऊ नये, चिमूटभर साखर तरी घालावी, ही रीत अजूनही अनेक घरांत पाळली जाते.

भाषेतही भेद केलेला आहे. वाटीभर साखर आपण उसनी आणतो. शिडी मात्र मागून आणतो किंवा वापरायला नेतो. साखर वापरली की संपते. परत जाते ती दुसरी साखर, तेवढ्याच मापाची. शिडी तीच परत गेली पाहिजे. रोमन कायद्यात या दोन व्यवहारांना दोन वेगळी नावे होती. संत थॉमस यांनीही धान्य व द्राक्षारस एका बाजूला आणि घर दुसऱ्या बाजूला असा भेद दाखवून त्यावर व्याजाविषयीचे आपले सारे विवेचन उभे केले. तो विषय मोठा आहे, पुन्हा कधी तरी. आज आपण शिडीविषयीच बोलत आहोत.

गावाकडे शेतीतही हे होते. एका बैलाच्या शेतकऱ्याने दुसऱ्या एका बैलाच्या शेतकऱ्याशी सावड करायची. एखाद्याचे रान मागे पडले असेल तर गावातील दहा-बारा औतांनी एकाच दिवशी त्याच्या शेतात उतरायचे, आणि त्याने सर्वांना जेवू घालायचे, ती इर्जिक. नगर-श्रीरामपूरकडून आपल्या धर्मग्रामात आलेल्या वडीलधाऱ्यांना विचारावे, त्यांनी हे शब्द लहानपणी ऐकलेले असतील.

आणि आपल्या या गावाचा जन्मच मुळी थोडक्या वस्तूंमध्ये झालेला आहे. दुसऱ्या महायुद्धातील लष्करी छावणीच्या बराकींत फाळणीनंतर सिंधमधून आलेली निर्वासित कुटुंबे उतरली, आणि कल्याण कॅम्पला १९४९ मध्ये उल्हासनगर हे नाव मिळाले. एका बराकीत अनेक बिऱ्हाडे, मध्ये पडदा नाहीतर पत्रा. अशा ठिकाणी शेजारणीचा तवा मागण्यात संकोच कसला? तवा तापलेला आहे हे भिंतीपलीकडून वासानेच कळायचे.

आज बराकींच्या जागी इमारती आहेत. बदलापूरला तर दर पावसाळ्यानंतर नवी वसाहत उभी राहिलेली दिसते. लोक पहाटेच्या लोकलने जातात आणि रात्री परततात. त्यांना शेजारच्या दारावरचे आडनाव ठाऊक असते, पण गाडीच्या डब्यातील ग्रुपमधल्या माणसांच्या मुलांचे मार्कसुद्धा पाठ असतात. अशा स्थितीत ड्रिल मशीन कुणाकडे आहे हे वासाने कळणार नाही. इथेच तो मोबाइल उपयोगी पडतो, आणि त्याबद्दल त्याला नावे ठेवण्याचे कारण नाही.

मोबाइल काय करतो, काय करत नाही

घरोघरी कितीतरी वस्तू वर्षातून दोन दिवसांसाठी पडून असतात. ड्रिल मशीन, मोठी शिडी, पंचवीस माणसांचा कुकर, इडलीचे मोठे भांडे, पाळणा, प्रवासाच्या मोठ्या बॅगा, क्रिसमसला गोठ्यासाठी लागणारी दिव्यांची माळ. २६ जुलै २००५ च्या महापुरात उल्हास आणि वालधुनीचे पाणी घराघरांत शिरले, तेव्हा पाणी उपसायचा पंप ज्या इमारतीत होता तिथे लोक किती आशेने जात होते, ते ज्यांनी अनुभवले त्यांना आठवत असेल. त्या काळी कुठे काय आहे हे तोंडोतोंडी कळायचे. आज एक संदेश पुरतो.

जगात याचे बरेच प्रयोग झाले. अमेरिकेतील अॅरिझोना राज्यात २००३ मध्ये ‘फ्रीसायकल’ नावाचे जाळे सुरू झाले. नको असलेली पण चांगली वस्तू इंटरनेटवर जाहीर करायची आणि हवी त्याला फुकट द्यायची. २०१३ मध्ये दोन मैत्रिणींनी फेसबुकवर ‘बाय नथिंग’ गट सुरू केला. त्यांनी सुरुवातीपासून आग्रह धरला की गट एका वस्तीपुरताच असावा, आणि तो फार फुगला की त्याचे लहान गट करावेत. आम्हाला ही गोष्ट फार शहाणपणाची वाटते. हॉलंडमध्ये डान वेडेपोल नावाच्या तरुणाचे घर जळाले, आणि सर्व काही दुसऱ्याकडून मागण्याची वेळ आली असता त्याला आढळले की लोक मदतीला उत्सुक असतात, फक्त कुणी तरी मागावे लागते. त्यातून त्याने २०१२ मध्ये ‘पीअरबाय’ उभे केले: आपल्याला काय हवे ते लिहायचे, आजूबाजूच्यांना ते दिसते, ज्याच्याकडे असेल तो उत्तर देतो.

मात्र अशा सगळ्याच योजना टिकल्या नाहीत. ‘स्नॅपगुड्स’, ‘नेबरगुड्स’ अशी नावे दहा-पंधरा वर्षांपूर्वी वर्तमानपत्रांतून गाजली आणि मग बंद पडली. कल्पना सर्वांना आवडे. पण दोन दिवसांच्या ड्रिल मशीनसाठी अनोळखी माणसाशी वेळ ठरवून, त्याच्या घरी जाऊन, पुन्हा परत द्यायला जाण्यापेक्षा लोकांना नवे स्वस्त मशीन विकत घेणे सोपे वाटे. वस्तू कुठे आहे हे संगणकाने सांगितले. तिथपर्यंत चालत जायला जी ओळख लागते, ती संगणकाकडे नव्हती. आपल्याकडे ती आहे. आपण दर रविवारी एकाच मंदिरात बसतो, आणि आपले निम्मे अडलेले काम तिथेच होऊ शकते.

ज्यांचे टिकले त्यांच्याकडे पाहिले तर एक गोष्ट दिसते: प्रत्येक वस्तूमागे एक नाव उभे असते. अमेरिकेत बर्कली शहराच्या सार्वजनिक वाचनालयाने १९७९ पासून अवजारे वापरायला देणे चालवले आहे; पुस्तकासारखीच नोंद, परतीची तारीख आणि उशीर झाल्यास दंड. आपल्याकडे नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानने २००९ मध्ये विनायक रानडे यांच्या पुढाकाराने ‘ग्रंथ तुमच्या दारी’ सुरू केले. शंभर पुस्तकांची एक पेटी, तिच्याभोवती साधारण पस्तीस वाचक, आणि काही महिन्यांनी एका गटाची पेटी दुसऱ्या गटाकडे. ही पेटी कुणा ‘ग्रुप’कडे नसते, ती एका समन्वयकाच्या घरी असते. अगदी आपल्या बदलापुरात श्याम जोशी यांनी स्वतःच्या पुस्तकांपासून सुरुवात करून ‘ग्रंथसखा’ वाचनालय उभे केले, आणि दुर्मिळ मराठी ग्रंथ शोधणारे अभ्यासक तिथवर येऊ लागले. लोकांनी आपले ठेवणीतले ग्रंथ तिथे आणून दिले ते एका माणसाच्या शब्दावर.

मोबाइलची स्मृती मोठी असते असा आपला समज आहे. ज्यांनी तरुणपणी ऑर्कुटवर मित्र जोडले त्यांना विचारा. ते २००४ मध्ये सुरू झाले आणि २०१४ मध्ये बंद पडले. त्यावर कुणी कुणाला कोणते पुस्तक दिले ते आता कोण सांगणार? शंभर पानी वही यापेक्षा जास्त टिकते.

मोडले तर?

राजांच्या दुसऱ्या ग्रंथाच्या सहाव्या अध्यायात एक लहानसा प्रसंग आहे. त्यावर प्रवचन क्वचितच ऐकायला मिळते. अलीशा संदेष्ट्याचे शिष्य यार्देन नदीकाठी लाकडे तोडत असतात. एकाच्या कुऱ्हाडीचे पाते दांड्यातून निसटून पाण्यात पडते. तो कळवळून ओरडतो, कारण कुऱ्हाड त्याने मागून आणलेली असते. त्या काळी लोखंड महाग होते, आणि हा शिष्य बहुधा गरीब होता. अलीशा पाते कुठे पडले ते विचारतो, तिथे काठी टाकतो आणि लोखंड तरंगते. संदेष्ट्यांच्या चमत्कारांत मेलेली मुले उठलेली आहेत, दुष्काळात पीठ पुरलेले आहे. त्या रांगेत एका मागून आणलेल्या कुऱ्हाडीलाही जागा मिळावी, याचे आम्हाला नेहमी नवल वाटते. त्या शिष्याने ‘कुऱ्हाड गेली’ एवढेच म्हटले नाही. कुऱ्हाड दुसऱ्याची आहे हे त्याला पहिल्या क्षणी आठवले.

निर्गमच्या बावीसाव्या अध्यायात तर याचा कायदाच आहे. शेजाऱ्याचे जनावर मागून आणले आणि मालक जवळ नसताना ते मेले किंवा जायबंदी झाले, तर भरपाई द्यावी. मालक जवळ असेल तर भरपाई नाही. भाड्याने घेतले असेल तर नुकसान भाड्यातच आले.

आपल्या देशात १८७२ चा भारतीय करार कायदा आहे. त्यातील १४८ पासूनची कलमे दुसऱ्याच्या हाती सोपवलेल्या वस्तूंविषयी आहेत, आणि त्यांतील दाखले वाचताना आपल्याच ग्रुपविषयी लिहिले आहे की काय असे वाटते. कलम १५० सांगते की वस्तूतला जो दोष देणाऱ्याला ठाऊक आहे तो त्याने सांगितला पाहिजे. घोडा खोडकर आहे हे माहीत असून न सांगता दिला आणि घेणारा पडून जखमी झाला तर जबाबदारी देणाऱ्याची. घेणाऱ्याने, समजूतदार माणूस आपल्या वस्तूची घेईल तेवढी काळजी घ्यावी, हे कलम १५१. आणि कलम १५४ मधला दाखला तर फारच बोलका आहे: घोडा फक्त स्वतः बसण्यासाठी दिला होता, घेणाऱ्याने घरातल्या दुसऱ्याला बसू दिले, तो जपूनच चालवत होता, तरी घोडा पडून जखमी झाला, तर भरपाई घेणाऱ्याने द्यायची. म्हणजे ‘मी फक्त मेहुण्याला दिली होती’ हे उत्तर दीडशे वर्षांपासून चालत नाही.

याच कायद्यामुळे आमचे आणखी एक मत बनले. वस्तूंना थोडे भाडे लावावे, त्यातून दुरुस्ती होईल, अशी सूचना काही तरुणांनी केली होती. हेतू चांगला आहे. पण कलम १५० नुसार भाडे घेतले की देणाऱ्याला ठाऊक नसलेल्या दोषाचीही जबाबदारी त्याच्यावर येते. फुकट देणाऱ्याला कायदा जास्त सांभाळून घेतो. शिवाय भाडे आले की मैत्री दुकानात बसते. अनामत रकमेविषयी आम्ही इतके ठाम नाही. आजारपणाच्या वस्तूंना ती घेऊ नये असे मात्र नक्की वाटते. अनुवादाच्या चोविसाव्या अध्यायात गहाण घेणाऱ्यासाठी मर्यादा घातल्या आहेत: जात्याची तळी गहाण घेऊ नये, ऋणकोच्या घरात शिरू नये, बाहेर उभे राहावे, आणि गरिबाचे पांघरूण सूर्य मावळण्याआधी परत द्यावे. ज्याच्या घरात आजारी माणूस आहे त्याच्यापाशी हजार रुपये अनामत मागणे आम्हाला जात्याची तळी उचलण्यासारखे वाटते.

गेल्या हिवाळ्यात एका घरच्या प्रथम कम्युनियनच्या जेवणासाठी दुसऱ्या घरचा मिक्सर नेला, आणि वड्यांची डाळ वाटता वाटता मोटर जळाली. नेणाऱ्या काकूंनी दोन दिवस फोन केला नाही, कारण काय बोलावे हेच सुचेना. देणाऱ्या घरी दोन दिवस वेगळेच अर्थ लावले गेले. मोटर बांधायला जे पैसे लागले ते दोघींनी निम्मे निम्मे दिले आणि विषय मिटला. पण ते दोन दिवस टाळता आले असते. मोडले की त्याच दिवशी कळवावे. पैशांचे मागाहून ठरते.

काही वस्तू ग्रुपवर फिरू नयेत. उरलेली औषधे मुळीच देऊ नयेत, विशेषतः प्रतिजैविके आणि साखर तपासायच्या सुया. आणि दुचाकी. आपले तरुण ‘फादर, फक्त स्टेशनपर्यंत’ म्हणून गाडी देतात घेतात. परवाना नसलेल्याला गाडी चालवू देणे हा मालकाचाही गुन्हा आहे, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलाने गुन्हा केला तर पालक किंवा मालकाला पंचवीस हजार रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. अनोळखी खरेदी-विक्रीच्या जागांवर कुणी ‘पैसे पाठवतो, हा चौकोन स्कॅन करून पिन टाका’ म्हणाला, तर तिथेच थांबावे. पैसे घेण्यासाठी पिन कधीच लागत नाही.

मागणाऱ्याचा संकोच

आतापर्यंत आम्ही वस्तूंविषयी बोललो. आता माणसांविषयी.

एकशे ऐंशी लोकांच्या ग्रुपवर ड्रिल मशीन मागायला कुणाला काही वाटत नाही. शाळेचा जुना गणवेश मागायला वाटते. वॉटर बेड मागितला की घरात कोण अंथरुणाला खिळले आहे हे एकशे ऐंशी जणांना कळते, आणि ज्यांना वस्तू द्यायची नाही तेही चौकशीचे फोन करतात. आमच्याकडे एक गृहस्थ आले होते. त्यांना मुलीच्या साखरपुड्यासाठी सतरंज्या आणि मोठी पातेली हवी होती. ग्रुपवर का विचारत नाही, म्हटल्यावर म्हणाले, ‘मागच्या महिन्यात कुबड्या मागितल्या, त्याआधी पंखा. लोक मोजतात, फादर.’ लोक मोजतात की नाही आम्हाला ठाऊक नाही; पण त्यांना तसे वाटते एवढे पुरे आहे. आणि जे ग्रुपवर नाहीत, ज्यांच्याकडे तसला मोबाइल नाही, त्यांचे काय? आपल्या धर्मग्रामातील ज्या विधवा आजी रोज मिस्साला येतात, त्यांपैकी कितीजणी ग्रुपवर आहेत, ते मोजून पाहावे.

राजांच्या दुसऱ्या ग्रंथातच, चौथ्या अध्यायात, एका कर्जबाजारी विधवेला अलीशा सांगतो की शेजाऱ्यांकडून रिकामी भांडी मागून आण, आणि थोडकी आणू नकोस. मग दार लावून घे, असेही सांगतो. मागणे सर्वांकडे, पण तेल ओतणे बंद दाराआड. आपल्या ग्रुपवर नेमके उलटे होते: वस्तू दिल्याचा फोटो टाकला जातो, हसऱ्या चेहऱ्याने हात पुढे केलेला. घेणाऱ्याला विचारून टाकला तर ठीक, असे काहीजण म्हणतात. ज्याने नुकताच पाळणा घेतला तो ‘नको’ कसा म्हणेल? आमची विनंती आहे की हे फोटो बंद करावेत.

वही

विभागप्रमुखांशी बोलून काही गोष्टी ठरवल्या आहेत. ग्रुप चालू राहील. पण ‘ग्रुपची वस्तू’ असे यापुढे काही नसेल. ज्याची वस्तू त्याच्याकडेच राहील; तो ती देईल आणि तोच परत घेईल. कुणाला वस्तू कायमची द्यायची असेल, जशी त्या ताईंनी दिली, तर ती एका घरात नेऊन त्या घरातील एका माणसाच्या नावावर ठेवली जाईल, आणि पुढच्या घरी जाईल तेव्हा त्याच माणसाच्या हातून जाईल. ज्यांना ग्रुपवर मागायचे नाही किंवा ज्यांच्याकडे मोबाइल नाही त्यांनी आपल्या विभागाच्या समन्वयक ताईंना सांगावे; त्या कुणाचे नाव न घेता विचारतील. आणि शंभर पानी वही धर्मगुरूंच्या कार्यालयात दुसऱ्या खणात आहे. वस्तू, कुणाची, कुणाकडे, कधी परत, वस्तूत काही दोष असल्यास तोही. रविवारी दोन्ही मिस्सांनंतर अर्धा तास कार्यालय उघडे राहील.

देण्याची सक्ती कुणावर नाही. प्रेषितांच्या कृत्यांच्या पाचव्या अध्यायात हनन्याला पेत्राने हेच बजावले होते, की जमीन विकण्याआधी तुझीच होती आणि विकल्यावर पैसेही तुझ्याच हाती होते. त्याचा दोष खोटे बोलण्यात होता. तेव्हा पातेले द्यायचे नसेल तर ‘सापडत नाही’ म्हणू नये. ‘देता येणार नाही’ म्हणावे. समोरच्यानेही ते मनावर घेऊ नये. हे आम्हाला स्वतःलाही अजून नीट जमलेले नाही. आमच्याकडची पुस्तके मागणाऱ्यांना आमची टाळाटाळ ओळखू येत असेल. दहा वर्षांपूर्वी एका मित्राने नेलेला कोश अजून परत आलेला नाही. आणि आमच्या कपाटात दोन पुस्तके अशी आहेत की ज्यांवर दुसऱ्याच धर्मगुरूंचे नाव लिहिलेले आहे. हा लेख लिहिताना ती सापडली. ती या आठवड्यात टपालाने जातील.

खुर्चीचे चाक कॅम्प पाचमधील एका वेल्डिंगवाल्याने बसवून दिले, बैठक आपल्याच धर्मग्रामातील एका शिंपीकाकांनी जाड जीन्सच्या कापडाची शिवली आणि शिलाई घेतली नाही. आजी आता काठीने चालतात. वहीच्या पहिल्या पानावर पहिली ओळ त्या खुर्चीचीच आहे. सांभाळणारा या रकान्यात त्याच ताईंचे नाव आहे. आम्ही विचारले तेव्हा त्या थोडा वेळ गप्प राहिल्या, मग म्हणाल्या, ‘माझ्याकडेच ठेवा. मी तेल घालीन चाकांना.’ त्याखालची ओळ मिक्सरची आहे, आणि दोष या रकान्यात त्या काकूंनी स्वतःच्या हाताने लिहिले आहे: डाळ थोडी थोडी वाटावी, मोटर गरम होते.